काट्याला सगळं ठाऊक आहे : साखर कारखान्यांच्या संचालक मंडळांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, कार्यकारी संचालक, सर्व संचालक व शेती अधिकारी,
बेळगाव जिल्ह्यातील साखर कारखाने

विषय : गळीत हंगामात ऊस ओढणाऱ्या बैलांबाबत

स.न.वि.वि.

आमच्याकडे ज्येष्ठ पौर्णिमेला कर्नाटकी बेंदूर, म्हणजे बैलांचा सण, होतो. सीमेपलीकडे, महाराष्ट्रात, कागल-मुरगूडच्या बाजूला महाराष्ट्र बेंदूर, तो आषाढात. आईचं माहेर तिकडचं, म्हणून आमच्या घरी दोन्ही व्हायचे. यंदा आमच्या दावणीला बैल नाही. खांदेमळणीच्या रात्री मी वाटीत हळद-तेल घेऊन शेजारच्या गोठ्यात गेले. त्यांच्या बैलाच्या मानेवरून हात फिरवला. वशिंडाच्या पुढे, जू बसतं तिथलं कातडं चपलेच्या तळासारखं टणक झालं होतं आणि मधोमध रुपयाएवढी जागा मऊ होती, गरम होती. तिथे बोट लागलं तेव्हा बैलानं मान काढून घेतली नाही. पाठीवरून पोटापर्यंत कातडी एकदा थरारली आणि दोन्ही कान मागे गेले, एवढंच. हंगाम संपून तीन महिने होऊन गेले होते.

नवे करार आता सुरू होतील. गाडीवाल्यांना उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दिली जाईल, कागदांवर अंगठे आणि सह्या होतील. एकदा करार झाला की कारखाना बंद होईपर्यंत कुणी काही बदलत नाही, हे मी लहानपणापासून बघत आले आहे. म्हणून हे पत्र त्याआधी लिहिते आहे.

मी निपाणी तालुक्यातली, दूधगंगाकाठची. आमचे आण्णा अकरा हंगाम टायरगाडीनं, म्हणजे रबरी चाकांच्या बैलगाडीनं, ऊस वाहत होते. आज माझ्या नावावर दीड एकर ऊस आहे आणि एका कारखान्याचा शेअर आहे. मी गाडीवाल्याची लेक आहे आणि तुमच्यासारख्याच एका कारखान्याची सभासदही आहे. माझ्या उसाचं बिल ज्या बैलांच्या मानेवरून येतं, त्यांच्याबद्दल बोलणं हे माझं काम आहे असं मी समजते.

आण्णांची जोडी होती हरण्या आणि पाखऱ्या. हरण्या डावीकडचा, पाखऱ्या उजवीकडचा, आणि ही जागा कधी बदलायची नाही. बदलली तर दोघंही चालेनात. गोठ्यातसुद्धा ते त्याच बाजूंनी उभे राहत. दुपारी सावलीला सोडले की हरण्या मान लांब करायचा आणि पाखऱ्या त्याच्या गळ्याखाली चाटत बसायचा, दहा-दहा मिनिटं. चाटून घेणाऱ्याचे डोळे अर्धे मिटायचे, कान सैल पडायचे. जनावरं अशी एकमेकांना चाटतात तेव्हा त्यांचं अंग शांत होतं, असं पशुवैद्यकातले लोक सांगतात. आम्हाला ते पुस्तकातून कळायची गरज नव्हती.

मी नववीत असताना जानेवारीतल्या एका रात्री आण्णांसोबत कारखान्यावर गेले होते. आई आजारी होती आणि आण्णांना रात्री कुणीतरी बोलायला लागायचं, नाहीतर गाडीवरच डोळा लागायचा. आम्ही संध्याकाळी साडेपाचला यार्डात पोचलो. पुढे शंभरावर गाड्या होत्या. ट्रॅक्टरांची रांग वेगळी आणि गाडीवाल्यांची वेगळी, पण ट्रॅक्टर आत घ्यायचे आणि मग जागा उरली की बैलगाड्या. रांग अर्ध्या-पाऊण तासानं दोन गाड्यांइतकी पुढे सरकायची. आता एवढ्यासाठी शिवळा, म्हणजे जुवाच्या खुंट्या, काढायच्या, जू उतरवायचं, बैल बाजूला बांधायचे आणि रांग हलली की पुन्हा जुंपायचे, हे एकट्या माणसाला रात्रभर जमत नाही. जुंपायला उशीर झाला तर मागचा पुढे घुसतो. म्हणून कुणीच सोडत नाही. गाडी भरलेली, दांडी खाली दाबणारी, आणि ते सगळं ओझं थांबलेल्या बैलांच्याही मानेवर.

रात्री दोनच्या सुमाराला हरण्यानं बसायचा प्रयत्न केला. पुढचे पाय गुडघ्यात मुडपले, पण पाखऱ्या उभा होता. जू तिरकं झालं आणि हरण्याची मान वर ओढली गेली. तो पुन्हा उभा राहिला. थोड्या वेळानं पुन्हा मुडपले. मी शेकोटीजवळ बसून मोजत होते. पहाटेपर्यंत सात वेळा झालं. पाण्याचा हौद आमच्या गाडीपासून दिसत होता, ट्रकच्या पलीकडे, तीस-चाळीस पावलांवर. आण्णांनी बादलीनं दोनदा पाणी आणून पाजलं. तिसऱ्यांदा गेले तेव्हा रांग हलली आणि मागच्या माणसानं शिव्या दिल्या.

सकाळी साडेसातला गाडी वजनकाट्यावर गेली. चौदा तास झाले होते. काट्याच्या खिडकीतून चिठ्ठी मिळाली. आण्णांना कानडी वाचता येत नसे आणि मला शाळेत शिकवलेलं येत होतं, म्हणून चिठ्ठी वाचून दाखवणं माझं काम. भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, निव्वळ ऊस दोन टन सातशे किलो. आण्णा खूश झाले. खेप चांगली बसली होती.

त्याच हंगामात, फेब्रुवारीत, ओढ्याच्या पुलाच्या चढावर हरण्या दोन्ही गुडघ्यांवर आला. गाडी मागे रेटली आणि तो डांबरावर तसाच घासत गेला. माणसं धावली, चाकाखाली दगड घातले, ऊस उतरवला. गुडघ्याची जखम भरली, पण सांधा वाकेना. महिन्याभरानं आण्णा त्याला बाजारात घेऊन गेले. कुठे गेला ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. पाखऱ्या नव्या जोडीदाराशेजारी दोन दिवस वैरणीला तोंड लावेना. तिसऱ्या दिवशी खेप होती, म्हणून त्याला तसाच जुंपला.

ती चिठ्ठी मात्र माझ्या डोक्यातून गेली नाही. माणूस बैलाला किती ओढायला लावतो हे जगात बहुतेक ठिकाणी कुणी मोजत नाही. वाळूच्या गाडीचं वजन कुठे लिहिलं जात नाही, शेणखताच्या गाडीचं नाही. पण साखर कारखान्यात येणाऱ्या प्रत्येक बैलगाडीचं वजन रोज होतं, कागदावर छापून निघतं आणि तुमच्या संगणकात साठतं. कुठल्या गाडीवाल्याच्या जोडीनं कुठल्या तारखेला, किती वाजता, किती किलो ओढलं, याची नोंद तुमच्याइतकी कुणाकडे नाही. त्या नोंदीचा उपयोग आजवर फक्त पैसे काढायला झाला. ती बैलासाठी एकदा वाचा, एवढंच माझं मागणं आहे. बाकी जे लिहिते ते त्याच्याच भोवतीचं.

कायदा नवा करायला नको. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम १९६० सालचा. त्याच्याखाली १९६५ मध्ये गाडी ओढणाऱ्या आणि ओझं वाहणाऱ्या जनावरांसाठी वेगळे नियम झाले. ते केंद्राचे आहेत, त्यामुळे सीमेच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरं असं काही नाही. आमचा ऊस कधी पलीकडच्या कारखान्याला जातो, तिकडचा इकडे येतो, बैल तर कुठूनही येतात. नियम सगळीकडे तेच. बैल लहान, मध्यम की मोठा, आणि गाडीचं चाक कसलं, यावरून किती वजन ओढवायचं याचा तक्ता त्या नियमांत दिलेला आहे. रस्ता फार चढाचा असेल तर ते वजन निम्म्यावर आणायला सांगितलं आहे. दिवसाला सगळे मिळून ९ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग ५ तासांपेक्षा जास्त नाही. जिथे पारा ३७ अंशांच्या वर जातो तिथे दुपारी १२ ते ३ जुंपायचं नाही. बेळगाव-खानापूरकडे हवा गार असते, पण हंगाम लांबला की मार्चमध्ये अथणी, रायबाग, चिक्कोडीकडे दुपारी रस्ता कसा तापतो ते तुम्हाला सांगायला नको. पराणीला आर, म्हणजे टोकदार खिळा, लावायला मनाई आहे, टोचणारं किंवा जखम करणारं जू वापरायला मनाई आहे.

आणि एक नियम तर जणू यार्डासाठीच लिहिलेला आहे. गाडी ओढण्याची गरज संपली की जनावराला जुंपलेलं ठेवायचं नाही. हरण्या त्या रात्री चौदा तास काही ओढत नव्हता, फक्त उभा होता. ही काही त्या एका रात्रीची किंवा त्या एका कारखान्याची गोष्ट नाही. गेल्या हंगामात मी वेगवेगळ्या वेळी यार्डांच्या बाहेर उभी राहून पाहिलं. रांगेतल्या बहुतेक गाड्यांचं जू मानेवरच होतं.

२०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या खेळांच्या खटल्यात सांगितलं होतं की भूक-तहान, त्रास, दुखणं, भीती यांपासून मोकळीक आणि आपल्या स्वभावाप्रमाणे वागायची मोकळीक, या पाच गोष्टी जनावरांना मिळायला हव्यात. पुढे २०२३ मध्ये घटनापीठानं राज्यांचे कायदे मान्य केले आणि खेळांना परवानगी राहिली. शर्यतींवर आपल्या भागात केवढी चर्चा झाली! गावोगाव लोक बोलले, बाजू घेतल्या, भांडले. शर्यतीचा बैल काही मिनिटं पळतो. उसाच्या गाडीचा बैल चार-पाच महिने रोज ओढतो, आणि त्याच्याबद्दल मला एकदाही कुणी भांडताना दिसलं नाही.

स्वभावाप्रमाणे वागायची मोकळीक म्हणजे काय, यावर थोडं थांबते, कारण संचालक मंडळाच्या बैठकीत हा शब्द ऐकून कुणालाही वाटेल की हे शहरातल्या लोकांचं बोलणं आहे. बैलाला दिवसातले दहा-बारा तास बसून घालवायचे असतात. तो आळशीपणा नव्हे. घाईघाईनं खाल्लेली वैरण पोटातून पुन्हा तोंडात आणून तो सात-आठ तास रवंथ करतो, तेव्हा कुठे ती अंगी लागते. रवंथ त्याला शांतपणे हवा आणि शक्यतो बसून हवा. भीती वाटली, दुखायला लागलं, गोंगाट झाला की तो रवंथ थांबवतो. यार्डातल्या बैलांकडे एकदा पाचच मिनिटं बघा आणि किती जणांची तोंडं हलताहेत ते मोजा. निरोगी बैल सैल उभा असेल तर त्याचा जबडा संथपणे फिरत असतो. यार्डात तो बहुतेकांचा बंद असतो. एखादा कराकरा दात खात असेल तर त्याला भूक लागली असं लोक म्हणतात. बऱ्याचदा ते दुखण्याचं लक्षण असतं.

बैल दुखणं लपवतो. रानात लांडग्या-वाघाचं भक्ष्य होणाऱ्या जातीचा तो, आणि लंगडणारा आधी मारला जातो हे त्याच्या रक्तात आहे. म्हणून तो कुत्र्यासारखा केकाटत नाही. कान मागे, डोळ्याच्या वर सुरकुती, नाक ताणलेलं, मान खाली. हे ज्याला वाचता येतं त्याला सगळं कळतं. ज्याला येत नाही तो म्हणतो, ‘बैल गपगुमान आहे.’

दुसरं, त्याच्या ऐकण्याबद्दल. गुरांना माणसापेक्षा बारीक, उंच पट्टीचे आवाज ऐकू येतात. आपल्या उसाच्या ट्रॅक्टरांवरचे स्पीकर सगळ्यांनी ऐकले आहेत. आपल्याला छातीत धडधडतं, तर रांगेत दोन हातांवर उभ्या असलेल्या बैलाचं काय होत असेल? डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यानं त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त पाठीमागचा एक पट्टा दिसत नाही. आणि यार्डात भोंगा, ब्रेक, फटफट, सगळं येतं ते नेमकं मागून. पळता येत नाही, वळून बघता येत नाही. जनावराला भीती वाटावी याची याहून पक्की सोय कुणी केली नसती.

आता जातीकडे येते. आपल्या कृष्णा, घटप्रभा, मलप्रभेच्या काळ्या रानात ओढायला एक खास जात होती, कृष्णाकाठचा बैल. दक्षिण महाराष्ट्रातल्या संस्थानिकांनी गीर, ओंगोल अशा रक्ताचा मेळ घालून ती उभी केली. अंगानं थोराड, चालीनं संथ, चिखलात ओढणारा. तो आता शोधून सापडत नाही. आज गाडीला दिसतो तो खिलार, माणदेशाचा. देखणा, काटक, चपळ. तो चालीसाठी आणि पळण्यासाठी घडलेला, तापट डोक्याचा, आवाजाला बुजणारा. मायाक्काच्या चिंचलीच्या जत्रेत जोड्या बघणारे जुने लोक खिलाराचे कान-शिंगं-खुर बघून किंमत करतात, ‘ओझ्याला बरा’ असं त्याच्याबद्दल कुणी म्हणत नाही. अशा बैलाला दोन-अडीच टनांच्या गाडीला जुंपून रात्रभर भोंग्यांत उभं करणं हे त्याच्या जातीच्याच विरुद्ध आहे.

खाण्याचंही एक सांगायचं राहतं. हंगामभर या बैलांच्या पोटात काय जातं? वाडं. म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. सकाळी वाडं, रात्री वाडं. फुकट असतं, हिरवं दिसतं, बैल आवडीनं खातात. पण उसाच्या वाड्यात ऑक्सलेट असतं आणि ते चाऱ्यातला चुना, म्हणजे कॅल्शियम, अंगी लागू देत नाही. महिनोन् महिने नुसत्या वाड्यावर ठेवलेलं जनावर आतून पोखरत जातं. हाडं ठिसूळ होतात, गुडघे धरतात. चढावर गुडघ्यावर आलेला बैल आपण रस्त्याच्या नावावर टाकतो. उपाय फार महाग नाही. रोज थोडं खनिज मिश्रण, वाड्याबरोबर कडबा किंवा दुसरा चारा. आण्णांना हे कुणी सांगितलं असतं तर त्यांनी केलं असतं. कारखान्याच्या शेती खात्याचा माणूस दर आठवड्याला आमच्या दारात यायचा, उसाची नोंद घ्यायला आणि तोडणीची पाळी सांगायला. बैलाबद्दल तो कधी बोलला नाही, कारण ते त्याचं कामच नव्हतं.

खांद्याच्या जखमेला आमच्याकडे खांदेसूज म्हणतात. जुवाचं लाकूड मानेच्या छोट्याशा जागेवर टेकतं आणि सगळा भार तिथेच येतो. जोडीतला एक बैल उंच आणि एक बुटका असला तर बुटक्याच्या मानेचं सालटं निघतं. दंवानं खांदा ओला असताना जुंपलं तर आणखी लवकर. यावर जळकं ऑइल लावतात, डाग देतात. आण्णांनीही दिला होता आणि त्या वासानं मी जेवले नव्हते. या दुखण्यावर खरा उपाय एकच आहे, जखम भरेपर्यंत जू न ठेवणं. आणि नेमका तोच गाडीवाल्याला परवडत नाही.

इथे मला तुमच्याशी अगदी स्पष्ट बोलायचं आहे. गाडीवाला क्रूर नाही. जो माणूस बैलाचं वैरणपाणी झाल्याशिवाय स्वतः जेवत नाही, बेंदराला कर्ज काढून झूल घेतो, तो दिवसा त्याच बैलावर चाबूक ओढतो, कारण त्याची उचल फिटायची असते. त्याला पैसे टनावर मिळतात. दीड टनाच्या दोन खेपा घालायच्या तर रांगेत दोनदा उभं राहायचं आणि दोन रात्री जायच्या. तीन टनांची एक खेप घातली तर एक रात्र. हा हिशेब त्यानं मांडलेला नाही, तुमच्या दरपत्रकानं आणि तुमच्या रांगेनं मांडला आहे. म्हणून कृपा करून, हे पत्र वाचून कुणी ‘जादा वजनाला दंड’ असा ठराव करू नका. दंड गाडीवाल्याच्या बिलातून कापला जाईल, तो भरून काढायला तो रात्रीची आणखी एक खेप घालेल आणि ती पुन्हा बैलाच्याच मानेवर जाईल.

त्याऐवजी दर बदला. नियमांतल्या वजनाच्या आत आलेल्या गाडीला टनामागे जादा वाहतूक द्या आणि त्यावरच्या वजनाला वाहतूकच देऊ नका. उसाचे पैसे शेतकऱ्याला पूर्ण मिळू द्या, फक्त जादा ओझ्यावरची वाहतूक बंद. मग बांधावर गाडी भरतानाच मोळ्या कमी पडतील, कुणी पहारा ठेवायला नको. १९६५ च्या नियमांतला तक्ता कानडीत आणि मराठीत काट्याच्या खिडकीवर लावा. चिटबॉयला, म्हणजे शेतावरच्या तुमच्या कारकुनाला, तो पाठ करायला सांगा, कारण शेतात गाडी भरताना हजर असतो तो तोच.

बैलगाड्यांना वेळ ठरवून द्या. मोबाइल आज प्रत्येक गाडीवाल्याकडे आहे. अमुक नंबर, अमुक वाजता काटा, असा निरोप गेला तर गाडी घरून वेळेवर निघेल आणि बैल दावणीला बसून राहील. ज्या गाड्या तरीही थांबतील त्यांच्यासाठी यार्डात एक जागा अशी हवी की गाडी टेकू देऊन उभी करता येईल, बैल सोडून बांधता येतील आणि रांग नंबरानं चालेल, गाडीच्या जागेनं नाही. नंबर कागदावर असला तर मागचा पुढे घुसायचा प्रश्नच राहत नाही. टेकूला दोन बांबू लागतात. बैलाला ओढकामाच्या दिवशी चाळीस-पन्नास लिटर पाणी लागतं, उन्हात जास्त. तेव्हा हौद रांगेच्या कडेला हवा, ट्रकांच्या पलीकडे नको. शेड झाली तर चांगलंच. नाही झाली तर बगॅसचा, म्हणजे उसाच्या चोथ्याचा, एक थर पसरून द्या. तो तुमच्याकडे डोंगराएवढा असतो आणि बैलाला बसायला तेवढं पुरतं. ट्रॅक्टरच्या स्पीकरांना यार्डाच्या फाटकाच्या आत बंदी घालायला एक पाटी पुरे.

करार करताना बैल डॉक्टरांना दाखवा. ज्याच्या खांद्याला जखम, ज्याचा पाय धरलेला, त्याची जोडी पंधरा दिवस थांबू दे, आणि तेवढ्या दिवसांचा आधार म्हणून उचलीचा हप्ता पुढे ढकला. २०२२ मध्ये लंपीनं आपल्या भागातली जनावरं कशी गेली ते सगळ्यांना आठवतं. अंगावर गाठी आलेली गुरं, माशा, गल्लीगल्लीत कडुनिंबाचा धूर. चार तालुक्यांतले आणि पलीकडचे शेकडो बैल एकाच हौदावर पाणी पितात, तेव्हा लाळ्या-खुरकुतासारखा रोग सगळीकडे न्यायला यार्डासारखी जागा नाही. लसीकरणाची नोंद बघूनच करार करणं हे कारखान्याच्याही हिताचं आहे. १९६२ या नंबरावर फिरता दवाखाना मिळतो, तो नंबर यार्डात मोठ्या अक्षरात लिहा.

‘बैलगाड्या आता किती राहिल्यात? चार वर्षांत संपतील,’ असं मला एका कार्यालयात सांगितलं गेलं. संपतील कदाचित. सांगली-सोलापूरकडे काही ठिकाणी छोटे ट्रॅक्टर देऊन बैलांना या कामातून मोकळं केलं गेलं आहे. आपल्या गाडीवाल्यांना तशी संधी मिळाली आणि त्यांचं कर्ज वाढलं नाही, तर मी तुमच्या दारात पेढे घेऊन येईन. पण अरुंद पाणंद, ओलं रान, जवळचा पल्ला, जिथे ट्रॅक्टर जात नाही किंवा परवडत नाही, तिथे बैल अजून आहे आणि येत्या हंगामातही असणार आहे. चार वर्षं म्हणजे बैलाचं निम्मं कामाचं आयुष्य.

नोव्हेंबर २०२५ मध्ये गुर्लापूर क्रॉसवर शेतकरी उसाच्या दरासाठी रस्त्यावर बसले. तिथे आमच्या गावचेही लोक होते. शेतकरी एकत्र आला की कारखान्याला आणि सरकारला ऐकावं लागतं. बैल कुठे बसणार? त्यांच्या वतीनं सभासदानंच बोलायचं. म्हणून मी हे पत्र वार्षिक सभेतही वाचणार आहे आणि ज्या सभासदांनी कधीतरी कासरा धरला आहे त्यांनी माझ्याबरोबर उभं राहावं अशी विनंती करते.

शेजारच्या त्या बैलाची मऊ जागा परवा फुटली. पू निघाला, आत लाकडाची बारीक चीप होती, गेल्या हंगामातल्या जुवाची. डॉक्टरांनी धुऊन औषध भरलं आणि दोन महिने जू ठेवू नका म्हणाले. मालकानं बोटं मोजली. करार महिन्याभरात आहे.

मी ज्या कारखान्याची सभासद आहे त्याच्या यार्डात रांगेच्या कडेला एक हौद बांधायचा खर्च माझ्या येत्या ऊसबिलातून कापून घ्यावा. तसं संमतीपत्र मी सही करून शेती खात्यात दिलं आहे. जागा तुम्ही दाखवा, गवंडी मी आणते.

आपली,
टायरगाडीवाल्याची लेक आणि ऊस उत्पादक सभासद,
दूधगंगाकाठ, ता. निपाणी, जि. बेळगाव